सकाळी सहाला तळ्यात किती शिल्लक असतं?

एप्रिल-मे महिन्यात, नाहीतर वळवाच्या पहिल्या सरीनंतर, ही बातमी कुठून ना कुठून येतेच. तळ्यात मेलेल्या माशांचा खच. फोटोत पांढरी पोटं वर करून तरंगणारे रोहू-कतला, काठावर नाकाला रुमाल लावून उभी असलेली माणसं, आणि बातमीच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य : कुणीतरी विष टाकल्याचा संशय. दुपारी बाराच्या सुमारास सरकारी गाडी येते, बाटलीत पाणी भरून नेते. काही दिवसांनी अहवाल येतो. विष आढळलं नाही, पाण्यातल्या प्राणवायूचं प्रमाण समाधानकारक. मग गावात दोन तट पडतात. एका तटाला वाटतं अहवाल दाबला, दुसऱ्याला वाटतं मासेमारीच्या ठेक्यावरून कुणीतरी डाव साधला.

बरेचदा दोन्ही तट चुकलेले असतात आणि अहवाल खरा असतो. मासे पहाटे पाच वाजता गुदमरून मेले, आणि दुपारी बारा वाजता त्याच पाण्यात प्राणवायू भरपूर होता. एकाच तळ्यात, एकाच दिवशी, दोन्ही गोष्टी खऱ्या. हे कसं शक्य आहे ते कळलं, की काठावर राहणाऱ्या माणसांनी वही-पेन घेऊन तळ्याची नोंद ठेवण्याचा खटाटोप का करावा, हेही आपोआप कळतं.

## तळ्याचा गल्ला

मासे पाण्यातला प्राणवायू घेतात. म्हणजे पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन नव्हे. हवेतून आणि वनस्पतींकडून पाण्यात विरघळलेला. साखर सरबतात विरघळते तसा हा वायू पाण्यात विरघळतो, फक्त फारच थोडा. एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. ३० अंश तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात, हवेशी तोल साधलेला असेल तर, जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. आणि पाणी जितकं तापतं तितका हा वायू कमी मावतो. २० अंशाला नऊच्या आसपास मावतो, तिशीत साडेसात. म्हणजे उन्हाळ्यात तळ्याचा खिसाच लहान होतो.

आता किराणा दुकानाचा गल्ला डोळ्यांसमोर आणा. दिवसा गल्ल्यात पैसे येतात. सूर्यप्रकाशात शेवाळ आणि पाणवनस्पती अन्न तयार करतात आणि प्राणवायू सोडतात. पण खर्च चोवीस तास चालू असतो. मासे, किडे, जिवाणू, आणि स्वतः ते शेवाळसुद्धा श्वासासाठी प्राणवायू वापरतात. सूर्य मावळला की आवक बंद, खर्च चालू. त्यामुळे दुपारी तीन-चारला गल्ला सगळ्यात भरलेला आणि उजाडायच्या आधी सगळ्यात रिकामा. जितकं शेवाळ जास्त, तितकी दोन्ही टोकं लांब. हिरव्यागार तळ्यात दुपारी लिटरमागे १२-१५ मिलिग्रॅमही मिळतात आणि पहाटे एक-दीड उरतो. रोहू-कतलासारख्या माशांची त्यात तगमग सुरू होते. ते पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडझाप करू लागतात.

सलग दोन-तीन दिवस ढगाळ गेले की गल्ला दिवसाही भरत नाही. त्यात पावसाची पहिली सर रस्त्यावरची, गटारातली सगळी घाण तळ्यात लोटून आणते. मग एका पहाटे खेळ आटोपतो.

दुपारची गाडी येते तेव्हा ऊन पडलेलं असतं आणि गल्ला पुन्हा भरू लागलेला असतो.

मच्छीमारांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. मेलेल्या माशांकडे पाहून ते बरंच ओळखतात. रोहू, कतला, मृगळ मेले आणि मरळ, शिंगी, मागूर मात्र जिवंत फिरताहेत, तर गुदमरण्याचा संशय आधी घ्यावा. मरळ, शिंगी, मागूर पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतात. विष सहसा असं निवडानिवड करत बसत नाही.

गल्ल्याच्या हिशेबातली आणखी एक रक्कम म्हणजे उधारी. पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागणार आहे, त्या आकड्याला जैविक ऑक्सिजन मागणी म्हणतात. अहवालात ती ‘बीओडी’ या तीन अक्षरांत असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार आंघोळीयोग्य पाण्यात ही उधारी लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत आणि विरघळलेला प्राणवायू निदान ५ हवा. मासे आणि वन्यजीवांसाठीच्या पाण्यात प्राणवायू निदान ४ हवा. शहरातल्या कच्च्या सांडपाण्याची उधारी सहज दोनशेच्या पुढे असते. एखादं छोटं गटार तळ्यात सोडणं म्हणजे काय, याचा अंदाज येतो.

## पाणी हिरवं होतं ते कशानं

कणीक मळून ठेवली आहे, तवा आहे, लाटणं आहे, माणसं जेवायला बसली आहेत, आणि गॅस सिलिंडर संपला. पोळ्या होणार नाहीत. कणीक दुप्पट केली तरी होणार नाहीत. सिलिंडर आला की मात्र सगळ्या कणकेच्या पोळ्या होतात.

गोड्या पाण्याच्या तळ्यात हा सिलिंडर बहुधा फॉस्फरस असतो. शेवाळाला कर्ब हवेतून मिळतो, नत्रही कुठून ना कुठून मिळतं, फॉस्फरस मात्र निसर्गात जपूनच वाढलेला असतो. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये प्रयोगासाठी राखून ठेवलेली काही तळी आहेत. त्यातल्या २२६ क्रमांकाच्या तळ्याला १९७३ साली मध्ये पडदा लावून दोन भाग केले. दोन्ही भागांत कर्ब आणि नत्र टाकलं, फॉस्फरस फक्त एका भागात. थोड्याच काळात तो भाग हिरवागार झाला, दुसरा होता तसाच राहिला. वरून काढलेला तो फोटो पाहिला की पुढचं समजावायची गरज राहत नाही.

आपल्याकडे हा सिलिंडर येतो सांडपाण्यातून, शेतातल्या खतातून, शेणामुतातून, निर्माल्यातून. तळ्याला असं फाजील खाऊ-पिऊ घालण्याला सुपोषण असं भारदस्त नाव आहे. मला ते नाव जरा फसवं वाटतं, कारण ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी चांगलं चाललंय. खरं तर ते तळ्याचं अजीर्ण.

आणि हे अजीर्ण एका उपासानं बरं होत नाही. वर्षानुवर्षं आलेला फॉस्फरस गाळात मुदत ठेवीसारखा साठतो. तळाशी प्राणवायू असेपर्यंत तो लोहाशी बांधलेला राहतो. प्राणवायू संपला की सुटून पुन्हा पाण्यात येतो. म्हणून गटार बंद केल्यावरही तळं पुढची काही वर्षं हिरवंच राहतं आणि लोक म्हणतात, ‘बघा, काही उपयोग झाला नाही.’ नोंद असेल तरच दिसतं की हिरवेपणा दर वर्षी थोडा उशिरा सुरू होतोय.

## मग मोजायचं कशानं?

सुरुवात एका चकतीनं करता येते. १८६५ साली इटलीतले धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी भूमध्य समुद्रात जहाजावरून पांढऱ्या चकत्या सोडून पाहिल्या, किती खोलीवर दिसेनाशा होतात ते. आज तळ्यांवर वापरतात ती २० सेंटिमीटर व्यासाची असते आणि तिचे चार चतकोर आलटून-पालटून काळे-पांढरे रंगवलेले असतात. घरी बनवायची तर जाड प्लॅस्टिकचं झाकण, ऑइल पेंट, खाली वजनाला नट-बोल्ट, आणि दर दहा सेंटिमीटरला गाठ मारलेली दोरी. दिसेनाशी होते ती खोली आणि वर घेताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी लिहायची. ही एक नोंद सकाळी दहा ते तीनच्या दरम्यान, चकाकी नसलेल्या बाजूने. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात अशा चकत्या घेऊन स्वयंसेवक १९७३ पासून सरोवरांच्या नोंदी देत आले आहेत.

चकती लवकर गडप झाली याचा अर्थ पाणी गढूळ, पण मातीनं की शेवाळानं? ग्लासभर पाणी रात्रभर झाकून ठेवा. बरीचशी माती तळाशी बसते, हिरवेपणा तसा बसत नाही.

प्राणवायू मोजायची जी रासायनिक पद्धत आजही वापरतात ती हंगेरीतल्या लाजोस विंकलर यांनी १८८८ साली मांडली. पाणी तपासायच्या तयार किटमध्ये तिचंच घरगुती रूप असतं. पाण्यात दोन द्रावणं टाकली की प्राणवायू त्यांच्याशी बांधला जाऊन तपकिरी साका तयार होतो. तिसऱ्या द्रावणाच्या थेंबांनी तो विरघळून पाणी पिवळं होतं. मग रंग जाईपर्यंत किती थेंब लागले ते मोजायचं. मत्स्यशेती करणारे असे किट वापरतात, त्यामुळे मिळायला अडचण नसते. पथ्य एकच, बाटली पाण्याखाली बुडवून भरायची, बूच पाण्याखालीच लावायचं, आत एकही बुडबुडा नको. पहिल्यांदा मी कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाऊण भरून पाणी घरी आणलं आणि रस्त्यात ते स्कूटरवर छान घुसळलं गेलं. आकडा इतका सुरेख आला की त्या पाण्यात ट्राउट, म्हणजे थंड, प्राणवायूनं भरलेल्या पाण्यातले मासे, पाळता आले असते.

त्याखेरीज तापमान, आणि पाण्याचा आम्लपणा दाखवणारा पीएच. सातच्या खाली आम्ल, वर अल्कली. निकषात साडेसहा ते साडेआठची पट्टी आहे. हाही दिवसभरात हलतो. शेवाळ दुपारी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे हिरव्या तळ्यात पीएच नवाच्या वर जातो आणि पाण्यात आधीच असलेला अमोनिया माशांना जास्त घातक रूप घेतो. पुन्हा तोच धडा : वेळ न लिहिलेला आकडा निरुपयोगी.

शेवटचं साधन तुमच्या खिशात आहे. दर महिन्याला एकाच जागी उभं राहून, एकाच दिशेने काढलेला फोटो. जलपर्णी अनुकूल हवेत दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. आज अर्धं तळं झाकलं असेल तर पंधरवड्यानं पूर्ण. पण तिनं सोळावा हिस्सा व्यापला होता तेव्हा हातानं काढून संपली असती, आणि तेव्हा कुणाचंच लक्ष नव्हतं. नंतर त्यासाठी यंत्राची निविदा निघते.

## पाण्यातले भाडेकरू

आकडा म्हणजे एका क्षणाचा हिशेब. पण पाण्यात काही जण आठवडे, महिने मुक्काम करून असतात. त्यांना विचारलं तर मागच्या सगळ्या दिवसांचं कळतं.

चतुर आपण शेतावर भिरभिरताना पाहतो. त्याचं बालपण मात्र पाण्याखाली जातं. टाचणी या त्याच्या सडपातळ भावंडाचंही तसंच. काठच्या गवतातून स्वयंपाकघरातली मोठी गाळणी फिरवायची आणि पांढऱ्या ताटात पाणी घालून त्यात ती झटकायची. मुलं हे काम मोठ्यांपेक्षा फार चांगलं करतात. ताटात चतुर-टाचण्यांची पिल्लं, पाणकिडे, गोगलगायी असे नाना प्रकार सापडले तर तळं बऱ्यापैकी आहे. नुसत्या लालभडक बारीक अळ्या सापडल्या तर मामला वेगळा. त्या अळ्यांच्या अंगात आपल्या रक्तातल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या लाल दिसतात आणि म्हणूनच प्राणवायू नसलेल्या गाळात तगतात. लाल अळी दिसणं वाईट नाही. तिच्याशिवाय दुसरं कुणीच नसणं वाईट.

पक्ष्यांचंही असंच. गोंदिया जिल्ह्यात दर उन्हाळ्यात ‘सेवा’ संस्थेचे कार्यकर्ते, गावकरी आणि वन विभाग मिळून सारस पक्ष्यांची गणना करतात. महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस मुख्यत्वे त्याच भागात आहेत, तलाव आणि धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, यांच्या आधारानं. पहाटे ठरलेल्या जागी बसून मोजणं हे कुठल्या उपग्रहानं होणारं काम नाही. त्या गणनेतून तिथल्या शेतकऱ्यांना आपल्या बांधीतल्या घरट्याची किंमत कळली, हा जास्तीचा फायदा.

## ‘पण हे सरकारचं काम नाही का?’

आहे. निर्विवाद आहे. आता आकडे बघा. केंद्रीय जलशक्ती मंत्रालयाने २०२३ मध्ये देशातल्या जलसाठ्यांची पहिली गणना प्रसिद्ध केली. त्यात २४,२४,५४० जलसाठे मोजले गेले, आणि निम्म्याहून जास्त तळी होती. नद्या, सरोवरं, भूजल असं सगळं धरून प्रदूषण मंडळांची नियमित तपासणी देशभर साडेचार हजारांच्या आसपास ठिकाणी होते. तुमच्या गावचं तळं त्यात असण्याची शक्यता किती, हा हिशेब तुम्हीच करा. आणि असलं तरी पाणी न्यायला माणूस पहाटे पाचला येत नाही.

सरकारनंही हे एका अर्थी मान्य केलं आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या पाणथळ जागांच्या कार्यक्रमात प्रत्येक जागेचं ‘आरोग्यपत्रक’ तयार करणं आणि स्थानिकांमधून ‘वेटलँड मित्र’ नेमणं, या दोन्ही गोष्टी आहेत. पिण्याच्या पाण्यासाठी जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना किटने तपासणी शिकवायची योजना आहे. म्हणजे ‘साध्या माणसांना हे जमणार नाही’ हा मुद्दा कागदावर तरी निकालात निघाला आहे. माझा आक्षेप उलटा आहे. शिकवलं जातं, किटही दिलं जातं, पण आलेले आकडे गावाला परत कुणी समजावून सांगत नाही. मग तिसऱ्या महिन्यात वही कोरी राहते.

## ‘अशा आकड्यांवर विश्वास कोण ठेवणार?’

घरच्या वजनकाट्याचा अनुभव घ्या. तो दवाखान्यातल्या काट्यापेक्षा किलोभर जास्त दाखवतो. तरीही दिवाळीनंतर तुमचं वजन तीन किलो वाढलं हे तो अचूक सांगतो, कारण काटा तोच, जागा तीच, वेळ तीच. तळ्याच्या वहीचंही बळ यातच आहे. किटचा आकडा पाच की साडेपाच याबद्दल शंका घेता येईल. पण त्याच किटने, त्याच पायरीवर, पहाटे सहाला गेले चार आठवडे ५, ४, ३, २ असे आकडे येत असतील तर प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहण्यात शहाणपण नाही.

अर्थात काही शिस्त लागते. प्रत्येक चाचणी दोनदा करायची. दोघांनी स्वतंत्रपणे रंग वाचायचा, आधी दुसऱ्याला न सांगता. वर्षातून एक-दोनदा तेच पाणी जवळच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत द्यायचं आणि आपला आकडा किती हुकतो ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचं. किटची मुदत संपली का ते बघायचं. आणि सगळ्यात अवघड शिस्त : आकडा चांगला आला तरी लिहायचा. आंदोलनाच्या भरात लोक वाईट दिवस तेवढे टिपतात आणि मग ती वही पुरावा राहत नाही, तक्रारपत्र होते.

कोर्टात दंड ठोठावायला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचाच अहवाल लागेल, यात वाद नाही. वही सांगते की तो नमुना कुठून आणि किती वाजता घ्यायचा. आणि गावपातळीच्या आकड्यांना जगात अगदीच मान नाही असंही नाही. अर्थवॉच या संस्थेचा फ्रेशवॉटर वॉच हा उपक्रम २०१२ पासून स्वयंसेवकांकडून नायट्रेट-फॉस्फेटच्या नोंदी घेतो. झांबिया आणि सिएरा लिओन या देशांनी संयुक्त राष्ट्रांना पाण्याच्या गुणवत्तेबद्दल माहिती देताना अशा नोंदींचा उपयोग केला आहे.

नागपुरात ग्रीन व्हिजिल संस्थेचे स्वयंसेवक गणेश विसर्जनाच्या आधी आणि नंतर तलावांच्या पाण्यातला प्राणवायू, गढूळपणा, पीएच मोजत आले आहेत. ‘आधी’ या शब्दाला इथे फार महत्त्व आहे. नंतर मोजणारे पुष्कळ असतात. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याशी भांडता येतं. ओघात सांगायला हवं, की प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती विरघळवायला पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत दिली, ती चांगलीच. पण बादलीत उरतं ते अमोनियम सल्फेट, म्हणजे चक्क खत. ते पाणी पातळ करून झाडांना घाला, तळ्यात ओतू नका. मागचा सिलिंडर आठवा. नत्रही काही निरुपद्रवी नाही.

## ‘नुसतं मोजून काय होणार?’

याचं उत्तर पूर्व विदर्भात शोधावं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात मालगुजारी, म्हणजे एके काळी तिथल्या जमीनदारांकडे असलेल्या, तलावांची मोठी परंपरा आहे. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं हे तलाव बांधले, नवेगाव बांधचा जलाशय कोलू पाटील कोहळींच्या नावानं आजही ओळखला जातो. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि पाळ कोण दुरुस्त करणार, गाळ कोण काढणार याची जुनी घडी विस्कटली. पाठोपाठ बेशरम पसरली. गुलाबी-जांभळ्या फुलांचं ते झुडूप, जे उपटून फेकलं तरी पडल्या जागी रुजतं. नाव उगाच पडलेलं नाही. जास्त उत्पन्नासाठी मोठ्या वाढणाऱ्या माशांचं बीज सोडलं गेलं, कुठे गवत खाणारा ग्रास कार्पही, आणि देशी माशांना अंडी चिकटवायला ज्या पाणवनस्पती लागतात त्याच कमी होत गेल्या.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि मनीष राजनकर यांनी इथे ढीवर या मासेमार समाजाबरोबर काम सुरू केलं ते आठवणींची यादी करून. पूर्वी या तलावात कोणती वनस्पती कुठल्या खोलीवर होती, कोणता मासा तिच्याजवळ राहायचा, आता काय दिसत नाही. ही देखील मोजणीच, फक्त उपकरण म्हणजे म्हाताऱ्या मच्छीमारांची स्मरणशक्ती. त्या यादीवरून पुढचं काम ठरलं. महिलांच्या गटांनी बेशरम काढली, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळाची नांगरणी झाली, पावसाळ्याच्या तोंडावर दुसऱ्या तलावांतून निवडून आणलेल्या देशी पाणवनस्पती लावल्या गेल्या. माशांचे प्रकार परत येऊ लागले. ढीवर बायांना तलावाबद्दल काय कळतं, असं म्हणणाऱ्या बैठकांत त्याच बाया पुढे वनस्पतींची नावं सांगू लागल्या.

मोजणीनं आणखी एक होतं, गुन्हेगार सापडतो. काठावरच्या चार जागी महिनाभर आकडे घ्या. एका कोपऱ्यात ते सतत पडलेले दिसले तर त्या कोपऱ्याला कोणता नाला मिळतो ते पाहायला फार अक्कल लागत नाही. वर सांगितलेल्या जलसाठ्यांच्या गणनेत अतिक्रमण झालेले ३८,४९६ जलसाठे नोंदले आहेत. म्हणून वहीत वर्षातून एकदा तळ्याची हद्दही चालून मोजावी, हातात गावनकाशा आणि सातबारा घेऊन. सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी गावाच्या सामायिक जमिनी आणि तळ्यांवरची अतिक्रमणं हटवायला राज्यांना सांगितलं आहे. तलाठ्याकडे जाताना ही तारीख लक्षात ठेवलेली बरी.

## ‘पाणी नितळ दिसतं, म्हणजे चांगलंच ना?’

नाही, आणि इथे शहरी सौंदर्यीकरण फसतं. उथळ तळ्याला दोन सवयी असतात. एक नितळ, पाणवनस्पतींनी भरलेली, आणि दुसरी गढूळ-हिरवी. पाणवनस्पती गाळ धरून ठेवतात, शेवाळाच्या तोंडचं खाद्य पळवतात, पिल्लांना आडोसा देतात. म्हणून नितळपणा हवा असेल तर तळाशी हिरवळ हवी. आपण मात्र ‘घाण’ म्हणून ती आधी उपटतो, काठाला दगडी भिंत घालतो, मध्ये रंगीत कारंजं बसवतो. उतरता, चिखलाचा, गवताळ काठ हे तळ्याचं स्वयंपाकघर. बेडूक तिथेच अंडी घालतात, बगळे तिथेच चरतात, चतुर तिथूनच वर चढून पंख वाळवतात. उभ्या भिंतीच्या तळ्यात गाळणी फिरवून बघा, ताट बहुधा कोरं येईल. कारंज्यानं थोडा प्राणवायू मिळतो हे खरं, पण ते बंद असतं नेमकं पहाटे.

गाळाबाबतही तेच. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही कल्पना उत्तम, कारण तळ्याची मुदत ठेव शेताच्या खात्यात जाते. पण जेसीबी सगळीकडे सारखाच खोल फिरवला की उथळ कडा जातात. मग वनस्पती परत येत नाहीत आणि दोन वर्षांत पुन्हा हिरवं पाणी.

## उतरण्याआधी

पृष्ठभागावर हिरवा ऑइल पेंट सांडल्यासारखी साय दिसली तर हात घालू नका, जनावरांना पाजू नका. ती साय बहुधा सायनोबॅक्टेरियांची, म्हणजे शेवाळासारख्या दिसणाऱ्या जिवाणूंची असते. त्यांतल्या काही जाती विष तयार करतात, आणि कोणती करते हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. पाणी घेताना हातमोजे, नंतर साबण. एकट्यानं जाऊ नका. गाळ दिसतो त्यापेक्षा खोल असतो. आणि प्राणवायू सात आला म्हणून कुणाला पाणी पिऊ देऊ नका. रोगजंतूंचा प्रश्न पूर्ण वेगळा आहे. त्यासाठी बाटलीतलं पाणी काळं पडतं का ते पाहायची वेगळी चाचणी मिळते, आणि खात्री प्रयोगशाळाच देते.

बाकी वहीचा पहिला रकाना सोपा आहे. तारीख, वेळ, काल ऊन होतं की ढग, कोणत्या पायरीवर उभे आहात. मग तापमान, प्राणवायू, चकती, ताटात कोण सापडलं. उन्हाळ्यात आठवड्याला एकदा, एरवी महिन्याला. गजर पावणेसहाचा लावा, कारण सात वाजता ऊन पाण्यावर आलेलं असतं आणि गल्ल्यात नवी आवक सुरू झालेली असते.